हँडब्रेकची तार

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघपाल,

जयभीम.

पाकिटावरचा पत्ता माझ्या हातचा नाही. शेजारच्या सारजाबाईच्या नातीकडून, श्रेयाकडून, लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट न फोडता कपाटावर टाकशील, हे मला ठाऊक आहे. साठी उलटलेल्या बाईनं असली लबाडी करू नये, पण काय करू? नऊ वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस. मेघा उचलते. "ते बाहेर गेलेत, आक्का," म्हणते आणि तिच्या मागं तुझा खोकला ऐकू येतो. छत्तीस वर्षं घाटी दवाखान्यात नर्स होते मी. सख्ख्या भावाचा खोकला नागपूरहूनसुद्धा ओळखते. धुळीचा आहे तो, जुनाच. वाफ घे, आणि पंख्याखाली झोपू नकोस.

लिहायचं कारण असं की, मागच्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला. करुणानं आपणहून केला. "आत्या, माझं लग्न ठरलंय, अठरा मेला. मला आजोबांच्या गाडीतून मंडपात उतरायचंय."

मी विचारलं, "बापाला विचारलंस का?"

"बाबांना विचारता आलं असतं तर तुला कशाला फोन केला असता?"

तुझी पोरगी आहे, शंका नको.

आबाची फियाट अजून अंगणातच आहे, ताडपत्रीखाली. तुला आठवतो का तो दिवस, छावणीतल्या मेजरसाहेबांची बदली झाली आणि आबा ती गाडी घेऊन आला? सत्त्याऐंशी साल. त्याच साहेबाची गाडी आबानं तीन वर्षं धुतली होती. आपल्या गल्लीत सायकलीपेक्षा मोठं काही उभं राहिलं नव्हतं. आबानं गल्लीतल्या एकेकाला बसवून छावणीच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. तू पहिल्या फेरीला बसलास तो शेवटच्या फेरीपर्यंत उतरलाच नाहीस. मी उतरले, कारण मला उलटी झाली होती.

गॅरेजवाला बोलावला. त्यानं इंजिन उघडलं, बॅटरी बदलली, टायर चढवले, पायाचा ब्रेक नवा करून दिला. चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हा सारजाबाई घरातून पळत बाहेर आली. तिला वाटलं आबाच आला.

आता एकच काम राहिलंय, हँडब्रेकचं. गॅरेजवाला म्हणाला, "तासाभराचं काम हाय, बाई. तार टाकून देतो." मी म्हटलं, नको, ते मी करते. तो हसला. मी हसले नाही.

का म्हणून विचारू नकोस. म्हणजे, विचारलंस तर बरंच होईल.

तुझी
आक्का


रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय संघू,

जयभीम. उत्तराची वाट बघत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पोस्टमनला दोनदा हटकलं.

गुरुवारी शहागंजच्या मागच्या गल्लीत गेले. तिथं जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे एक चाचा आहेत, आबाच्याच वयाचे असतील. म्हटलं, फियाटच्या हँडब्रेकची तार पाहिजे. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"फियाट? अब्बी बी है किसीके पास? मेकॅनिक कू भेजो ना आपा, तुमे कैको आए?"

"मेकॅनिक मीच आहे."

"हौ?" मग दुकानातल्या दुसऱ्या माणसाकडं वळून म्हणाले, "सुने क्या, इनो खुद करते बोलरे."

पण हसले नाहीत. स्टुलावर चढून माळ्यावरून पिवळं पडलेलं एक पुडकं काढलं, फुंकर मारली आणि दोन्ही हातांनी दिलं. "ये आखरी है. इसके बाद दुनिया में नै." आणि बजावलं, "पैले दोनो पय्यां बराबर करो, फिर वायर कसो. वायर सबसे आखिर में. लोगां उल्टा करते."

शेजारच्या सांडूनं जॅक दिला. आता रिक्षा चालवत नाही तो, गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे. खुर्ची टाकून बसला आणि मला शिकवायला लागला. आधी पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मागचं एक चाक उचललं, काढलं, मग चाकामागचा तो लोखंडी डबा, ड्रम. त्याच्या आत ब्रेकचे दोन पट्टे असतात, धनुकलीसारखे वाकलेले, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा. स्प्रिंग पकडीत येईना. सांडू म्हणाला, "सोड, तुझ्यानं व्हायचं नाय." मी घरातून माझा जुना आर्टरी फोर्सेप आणला, रक्तवाहिनी धरायचा चिमटा असतो तो. एका झटक्यात स्प्रिंग हातात. सांडू गप्प बसला. तेवढ्यासाठी तू इथं असायला पाहिजे होतास.

हँडब्रेक म्हणजे किती साधी गोष्ट आहे, बघ. डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखी मूठ. ती ओढली की कर्रर्र वाजतं, तार ताणली जाते, गाडीच्या पोटाखालून मागं जाते, दोन्ही चाकांत वाटली जाते आणि आतले पट्टे ड्रमला आवळून धरतात. सोडायचा तर मूठ पिळून आत ढकलायची. एवढंच. आणि एवढ्याशा गोष्टीवरून आपलं घर फुटलं.

दोन हजार पंधराचा डिसेंबर. तू, मेघा आणि करुणा नाताळच्या सुट्टीत आला होतात. तू गाडी घेऊन दूध आणायला गेलास, परत येऊन गल्लीच्या चढावर उभी केलीस आणि पिशवी घेऊन घरात आलास. आबा फाटक लावत होता. गाडी मागं आली आणि तिनं आबाला फाटकाच्या खांबाशी दाबलं. उजवी मांडी मोडली. तू म्हणालास, हँडब्रेक ओढला होता. गल्ली म्हणाली, ओढला नव्हता. आबानं दवाखान्यात सगळ्यांसमोर तोंड फिरवलं. तू तिसऱ्या दिवशी नागपूरला गेलास, तो नंतर एकदाच आलास, आबाच्या मातीला.

मी काय म्हणाले होते, ते तुला आठवत असेल. ते आज लिहीत नाही. आज हात काळे आहेत, कागद खराब होईल.

तुझी
आक्का


रविवार, २ मार्च

प्रिय संघू,

जयभीम. करुणाचा फोन आला होता. म्हणाली, "आत्या, तुझी पत्रं येतात तेव्हा बाबा चिडचिड करतात, पण फेकत नाहीत." तेवढ्यावर मी दोन दिवस काढले.

जुनी तार बाहेर काढली. सोपं नव्हतं. गाडीखाली गोणपाट टाकून पाठीवर सरपटत गेले. डोळ्यांत गंज पडला, ब्लाऊज फाटला, आणि मधला नट तीन दिवस हलेना. रॉकेल लावून ठेवायचं, सकाळी बघायचं, शिव्या द्यायच्या, परत रॉकेल. चौथ्या दिवशी हलला तेव्हा मी एवढ्यानं ओरडले की सारजाबाईला वाटलं, गाडी अंगावर पडली.

तार अंगणात पसरून बघितली. बाहेरचं वेटोळं गंजून एकजीव झालेलं. आतल्या तारेचे पदर पिंजलेले, जुन्या खराट्यासारखे. दोनतीनच धड राहिलेले. मूठ कितीही ओढली तरी मागच्या चाकांना पत्ता लागू नये, अशी ती तार.

त्या संध्याकाळी मी तुला दोन पानं लिहिली. लिहिलं की, संघू, तार सडलेली होती रे. तू ओढला असशील आणि तिनं धरलं नसेल. तुझी चूक नाही, कुणाचीच नाही, लोखंडाची आहे. वाचायला फार छान वाटत होतं. तूही सुटलास, मीही सुटले. पाकीट बंद केलं.

सकाळी सांडू आला. त्यानं तार हातात घेऊन फिरवली. म्हणाला, "नऊ वर्सं पावसापान्यात हुबी गाडी. ह्यो गंज कवाचा, कोन सांगावं?"

त्याला सांगता येणार नाही. मला येतं. म्हणून ते पाकीट फोडून फाडलं आणि हे लिहितेय.

ती तार त्या डिसेंबरच्या आधीपासून पिंजलेली होती. मला माहीत होतं. गाडी तेव्हा मीच चालवायचे, रोज घाटीत ड्युटीला. दिवाळीच्या सुमाराला ऑइल बदलायला नेली तेव्हा गॅरेजात एकानं खालून बघून सांगितलं होतं, "बाई, हँडब्रेकची तार बदला, धरत नाय." मी म्हटलं, बघू, सुट्टी मिळाली की. सुट्टी मिळाली नाही असं नाही. कंटाळा केला. चढावर गाडी लावली की मागच्या चाकाला एक वीट लावायचे, झालं काम. वीट फाटकाशीच ठेवलेली असायची. दीडेक महिना असंच चाललं.

त्या दिवशी तू चावी मागितलीस. मी पोळ्या करत होते. खिळ्यावर आहे, म्हटलं. विटेचं सांगायचं राहिलं.

खरंच राहिलं, संघू. मुद्दाम नाही. पण राहिलं ते राहिलं.

तुला आबानंच शिकवलं होतं, गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा. गिअरमध्ये ठेवली तर दुसरा कुणी चावी फिरवतो आणि गाडी उडी मारते, म्हणायचा. तू आबाचं ऐकलंस. तुला विटेचं काय माहीत?

इथंच थांबते. अजून एक आहे, पण ते लिहायला मला हा आठवडा लागेल.

आक्का


रविवार, ९ मार्च

संघू,

आज सरळ लिहिते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही.

आबा ओरडला तेव्हा आपण दोघंही धावलो. तू आबाकडं गेलास, त्याला काखेत धरलंस. मी गाडीत शिरले. बाहेरून बन्सीकाका आणि दोघंतिघं ओरडत होते, "गाडी पुढं ढकला, पुढं." गाडी ढकलायची तर ब्रेक सोडलेला पाहिजे, म्हणून माझा हात सवयीनं मुठीकडं गेला.

मूठ बाहेर होती. पुरती ओढलेली. तू ओढायचास तशीच, तुटेल की काय वाटावं इतकी. मी ती पिळली आणि आत ढकलली. मग त्यांनी गाडी पुढं लोटली, आणि आबा तुझ्या अंगावर कोसळला.

आबाला दवाखान्यात नेल्यावर माणसं गाडीभोवती जमली. बन्सीकाकांनी दारातून आत वाकून बघितलं. "हे बघा. ब्रेक आतच हाय. वढलाच नाय पोरानं." तू दवाखान्यातून कपडे न्यायला आला होतास. शर्टाला आबाचं रक्त होतं. तू म्हणालास, "मी ओढला होता. आक्का, तू बसली होतीस ना गाडीत? सांग यांना."

आणि मी म्हणाले, "मला काय आठवत नाय. मी आबाकडं बघत होते."

तू माझ्याकडं बघितलंस. ते तोंड मी नऊ वर्षं बघतेय.

का केलं, ते स्वतःला पुष्कळदा विचारलं. वार्डात मला सगळे म्हणायचे, रत्नमाला सिस्टर कधी चुकत नाही. नवीन पोरींना माझं उदाहरण द्यायचे. माझ्या आळसानं माझ्या बापाचा पाय मोडला, हे मला गल्लीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आणि तू? तू लहानपणापासून विसराळू. छत्री विसरायचास, डबा विसरायचास. तुझीच चूक, हे लोकांनी सहज मानलं. मी तसं होऊ दिलं. त्या संध्याकाळी ती वीट उचलून मी पलीकडच्या बांधकामावर टाकून आले. ते विसरून नाही केलं.

आता आबाचं सांगते. हे फक्त मला माहीत आहे आणि तुझा त्याच्यावर हक्क आहे.

वॉकर घेऊन चालायला लागला तेव्हा एक दिवस फाटकाशी जाऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "रत्ना, हितं एक वीट असायची. कुठं गेली गं?"

मी म्हटलं, "कोणती वीट?"

त्यानं माझ्याकडं लई वेळ बघितलं. मी रोज चाकाला वीट लावायचे तेव्हा ओट्यावर बसून चहा पीत बघायचा तो, हे त्या क्षणाला माझ्या ध्यानात आलं. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. पण दर महिन्यादोन महिन्यानं म्हणायचा, "संघपालला कागद लिही. बोलाव त्याला." मी हो म्हणायचे. तो विचारायचा, "लिवला का?" मी म्हणायचे, "लिहिला. त्याचं काही आलं नाही."

मी एकही कागद लिहिला नव्हता.

म्हणजे दवाखान्यात त्यानं तोंड फिरवलं ते खरं, पण मरेपर्यंत तुझ्यावर रागावून होता, हे खोटं. शेवटची दोन वर्षं तो तुझी वाट बघत होता. त्याला वाटायचं, तूच येत नाहीस. आणि तुला वाटायचं, त्यालाच नको आहेस. मधे मी होते.

आपल्या आयाबाया म्हणायच्या, दुखणं झाकलं तर नासतं. मी दुसऱ्यांची दुखणी उघडून धुतली आयुष्यभर.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. तुला खरं कळावं, एवढंच.

रत्नमाला


रविवार, २३ मार्च

प्रिय संघू,

जयभीम. काल तू येऊन गेलास. जे तुझ्या डोळ्यांसमोर झालं तेच परत लिहितेय, कारण काल मला काहीच नीट सांगता आलं नाही, आणि आज सकाळचं तुला माहीत नाही.

मी गाडीखाली होते. चाचांनी सांगितल्याप्रमाणं आधी दोन्ही चाकं सारखी करून घेतली होती आणि शेवटी तार कसत होते. नटाला एक आटा, बाहेर येऊन मूठ ओढून बघायची, परत खाली, अजून अर्धा आटा. तेवढ्यात गाडीशेजारी दोन पाय येऊन उभे राहिले. चपलेतला उजवा अंगठा आत वळलेला. तुझे पाय, आबाचे पाय, एकच ठसा. माझ्या हातातून पाना पडला.

"बाहेर ये," तू म्हणालास. जयभीम नाही, काही नाही.

मी बाहेर आले. तुझे केस सगळे पांढरे झालेत रे. कुणी सांगितलं नाही मला.

"चावी घे. चढावर लाव."

मी गाडी काढली. दोनदा बंद पडली. त्याच जागी उभी केली. तू खिडकीशी आलास. "ओढ. आता पायाचा सोड." मी सोडला. आणि तू गाडीमागं गेलास, फाटकाच्या खांबाला पाठ लावलीस आणि उभा राहिलास. जिथं आबा होता तिथंच.

"संघू, बाजूला हो!"

"का? धरत नाय का?"

"धरतोय. पण तू बाजूला हो!"

"तू बसवलाय ना? मग हुबा राहू दे मला."

आरशात तू दिसत होतास. मी पाय ब्रेकवर नेणार होते, पण नेला नाही, कारण मागचे लाल दिवे लागले असते आणि तुला कळलं असतं. किती वेळ गेला, देव जाणे असं आपण म्हणत नाही, पण खरंच कुणी मोजला नाही. पाण्याचा टँकर आला, त्यानं हॉर्न वाजवला, माणसं दारात आली. गाडी तसूभर हलली नाही.

मग तू डिकीवर हात ठेवलास आणि वाकलास. मी उतरून आले तेव्हा तू म्हणालास, "आबाच्या मातीला आलो तेव्हा सगळ्यांनी पायाला हात लावला. मी नाय लावला. म्हटलं, मीच मोडलेला पाय, कुठल्या तोंडानं लावू?"

मी तुला हात लावायला गेले. तू मागं सरकलास. बरोबर केलंस.

"मला सांगून काय उपयोग?" तू म्हणालास. "मला तर माहीतच होतं मी ओढला ते. यांना सांग." आणि दारादारांत उभ्या असलेल्या माणसांकडं हात केलास. पाणीसुद्धा न घेता दोनच्या बसला गेलास.

तर, सांगितलं.

आज रविवार. विहारात वंदना झाली. लोक उठायला लागले तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, दोन मिनिटं बसा. वार्डात किती माणसांच्या घरच्यांना वाईट बातमी सांगितली असेन, पण तेव्हा जीभ अशी जड झाली नव्हती. विटेपासून सुरुवात केली. तार, चावी, मूठ, सगळं. आबाला 'कागद लिहिला' म्हणाले तेही. काही वगळलं नाही.

मग बन्सीकाका काठी धरून उठले. ऐंशीच्या पुढं गेलेत आता. "मीच बोल्लो व्हतो गं ते. मूठ आत हाय म्हनून मीच समद्यांना दाखवली."

"तुम्ही दिसलं ते बोललात, काका. आत मी ढकलली होती."

सारजाबाईला सगळ्यात जास्त लागलं. म्हणाली, "नऊ वर्सं आमच्या तोंडानं त्या पोराला बोल लावलेस, रत्ना. माझ्या ह्या तोंडानं."

"व्हय," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर पडताना माझ्याबरोबर कुणी चाललं नाही. अर्ध्या रस्त्यात मागून सांडू आला लंगडत. मग म्हणाला, "जॅक उद्या आनून दे." घरापर्यंत सोबत आला मात्र.

लग्नाला बोलवावंस म्हणून हे लिहीत नाही. करुणाचा हट्ट पुरा व्हावा एवढंच. गाडी ठणठणीत आहे. सांडूचा जावई नागपूरपर्यंत चालवत आणून देईल. मी इथंच राहीन. पोरीला माझ्या वाटचं जवळ घे.

आक्का


नागपूर
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

आक्का,

जयभीम. तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिलं मी फोडलं नव्हतं. मेघानं फोडलं आणि मी आंघोळीला बसलो असताना दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं वाचलं. वाफेचं वाचून झाल्यावर म्हणाली, "बघा, तुमचा खोकला तिथवर ऐकू गेला." मी नळ जोरात सोडला.

बन्सीकाकांचा फोन आला होता. बोलता येईना त्यांना, नुसते रडत होते. सारजाबाईनं श्रेयाच्या फोनवरून दोनदा केला. सांडूचाही आला. गल्लीतल्या इतक्या माणसांना माझा नंबर ठाऊक आहे, हे मला माहीत नव्हतं.

'माफ केलं' असं लिहायला बसलो होतो. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. आबा वाट बघत होता हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. त्याचं काय करायचं, मला कळत नाही. तुलाही कळत नसणार. तेव्हा खरं नाही ते लिहीत नाही. राग आहे. पण आधी जो होता तो मी माझ्यावरच काढत होतो. हा निदान तुझ्यावर आहे. बरा आहे हा.

करुणाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग विचारलं, "म्हणून तुम्ही गाडी चालवत नाही, बाबा?" मी नऊ वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बांधकामाच्या साइटवर जायलासुद्धा रिक्षा करतो. घरात सगळ्यांना सांगितलं होतं, डोळ्यांचा त्रास आहे.

सांडूच्या जावयाला पाठवू नकोस. आबाची गाडी परक्यानं का आणावी? मी दहा मेला येतो. दोन दिवस गल्लीतच चालवून बघतो, मग आपण दोघं निघू. समृद्धीवरून नको, जुन्या रस्त्यानं जाऊ. जालना, सिंदखेडराजा, मेहकर. मेहकरपर्यंत मी चालवीन, पुढं तू. लग्नात हळद आत्याच्या हातची लागते, तेव्हा घरी राहण्याचं बोलू नकोस.

एकच सांगतो. पहिले वीस किलोमीटर तू एक शब्द बोलायचा नाही. 'सावकाश' पण नाही, 'हॉर्न दे' पण नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं.

त्यानंतर बोल.

संघपाल